राणीबागेतलं संग्रहालय आणि ती नवी इमारत: तुमचे अनुभव लिहा

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला जोड-इमारत हवी की नको, यावरून आमच्या घरात पुन्हा जुंपली. २०१४ साली स्पर्धेत १०४ प्रवेशिकांमधून अमेरिकन वास्तुरचनाकार स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला होता: पांढरं काँक्रीट, सुमारे सव्वा लाख चौरस फूट, मध्ये बारवेवरून सुचलेला जलाशय. मतं सगळ्यांकडेच आहेत. तुम्ही तिथे काय पाहिलंत, तेही लिहा.

चिंचपोकळीकर: शाळेच्या सहलीत पाहिलं तेव्हा नुसता अंधार आणि मळकट कपाटं. २००८ मध्ये दुरुस्तीनंतर उघडलं तेव्हा आईला नेलं. ओतीव लोखंडाचे खांब, त्यावरचं सोनेरी काम बघून म्हणाली, "अगं बाई, हे इथेच होतं?" जाणकारांच्या हाती दिलं तर काम नीट होतं. माझं मत नव्याच्या बाजूने.

पारिजात: मी झाडांसाठी जाते. बाग १८६२ ची, संग्रहालय १८७२ चं. थोरली कोण ते तुम्हीच ठरवा! नकाशात झाड म्हणजे एक हिरवा ठिपका. मुळं त्या ठिपक्याच्या कितीतरी बाहेर गेलेली असतात, आणि पायाचा खड्डा नेमका तिथेच येतो. त्यामुळे इमारत सुंदर आहे का, हा प्रश्नच मला पडत नाही.

अर्धवट_चित्रकार: आत मांडलेल्या मातीच्या छोट्या माणसांच्या पगड्यांची चित्रं काढत बसायचो, एकेकीची बांधणी निराळी. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला काढला, उचलताना पडून फुटला. तुकडे जोडून १९१४ मध्ये इथे उभा केला. नवीन इमारत जुन्यासारखी दिसावी म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. खोट्या कमानी नकोत. जोड आहे तर जोड दिसू दे.

लालबाग_४०००१२: तिकीट वाढणार का, तेवढं सांगा. बाकी चालू द्या.

सदाशिव_काका: आयुष्य इमारतींच्या देखभालीत गेलं. मुंबईत पांढरी भिंत दुसऱ्याच पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यांतून काळे ओघळ दाखवायला लागते, सावलीच्या बाजूला शेवाळ. वर मध्यभागी पाणी साठवायचं म्हणजे गळती आणि डास दोन्ही आले. बांधायला पैसे मिळतील हो, दरवर्षी भिंती धुण्याची तरतूद कोणत्या खात्यातून करणार? हे कुणी विचारलंय का?