निवटी ही मासळी हवेत कशी जगते?

मासा पाण्याबाहेर तडफडतो कारण हवेत त्याला पुरेसा प्राणवायू नसतो, असं कोणी म्हणतं. खरं तर उलट आहे. एक लिटर हवेत एक लिटर पाण्याच्या तिपटीहून कितीतरी जास्त, जवळजवळ 30 पट प्राणवायू असतो. अडचण कल्ल्यांची असते. पाण्याचा आधार गेला की त्यांच्या नाजूक पापुद्र्या ओल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटतात आणि वायू शोषायला जागाच उरत नाही.

आपल्या खाडीतली निवटी बघा. ओहोटीला चिखलावर टुणटुण उड्या मारत असते. ओली त्वचा आणि तोंडाच्या आतलं अस्तर यांतून ती प्राणवायू घेते, मधूनच कूस बदलून अंग चिखलात ओलं करते. बिळातल्या पाण्यात प्राणवायू फार कमी, म्हणून तोंडात हवा भरून ती आत नेते. अंड्यांसाठी! मला हे फार विलक्षण वाटतं.

आता खाऱ्या आणि गोड्या पाण्यातले मासे मिठाचं काय करतात म्हणाल, तर बहुतेक समुद्री मासे खारं पाणी पितात आणि जास्तीचं मीठ मुख्यतः कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर टाकतात, कारण रक्ताहून खारट लघवी त्यांच्या मूत्रपिंडाला जमत नाही. गोड्या पाण्यातला मासा नेमकं उलटं करतो: मीठ कल्ल्यांतून आत ओढतो, पाणी भरपूर पातळ लघवीतून टाकतो.