कानाचं मशीन : बसवून घेताना आणि सांभाळताना (अनुभव धागा)

"कोणतं मशीन घेऊ?" हा प्रश्न इथे नको. त्याचं उत्तर कानात काय बिघडलंय त्यावर ठरतं, आणि चांगल्यातलं चांगलं मशीनही धड बसवलं नसेल तर दोन महिन्यांत कपाटात जातं. मोजणी, साचा (कानाच्या मापाने केलेला, कानात बसणारा भाग), प्रोग्रॅमिंग, सेल, दमट हवा, कागदपत्रं, ज्याला जे नेमकं माहीत आहे ते लिहा. दुकानांची नावं आणि गाऱ्हाणी टाळा.

निळीफुली (ऑडिओलॉजिस्ट)

सुरुवात मळापासून. कान मळाने भरलेला असताना काढलेल्या ऑडिओग्रामला (ऐकण्याच्या मोजणीच्या आलेखाला) काही अर्थ नाही, आणि अशा कानाचा साचा तर घेऊच नये. आधी कानाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घ्या. घरी काडी, हेअरपिन, स्कूटरची किल्ली यांनी तो फक्त आत ढकलला जातो.

मग आवाजबंद खोलीत मोजणी, २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत. उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली. एकदा हेडफोन लावून मोजतात, एकदा कानामागच्या हाडावर कंप देणारी छोटी डबी टेकवून. ही दुसरी मोजणी घाईत गाळली जाते, ती मागून घ्या. हाडावरून चांगलं ऐकू येतंय आणि हेडफोनमधून कमी, असा १० डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. पडदा, पाणी, हाडांची साखळी असं काहीतरी. तिथे मशीनचं बोलणं नंतर, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ.

वयामुळे कमी झालेल्या ऐकण्याचा आलेख बहुतेक वेळा उजवीकडे घसरत जातो. खालचे सूर शाबूत, वरचे गेलेले. म्हणून तक्रार "ऐकू येत नाही" अशी नसते, "ऐकू येतं पण कळत नाही" अशी असते. स, श, ख, थ यांचा सगळा दम वरच्या सुरांत, त्यामुळे वाण्याकडे सात आणि साठचा घोळ होतो. अशा माणसाशी मोठ्याने ओरडून उपयोग नाही. समोर येऊन, सावकाश बोला.

आणि एक. ऐकणं एकाएकी, दोन-तीन दिवसांच्या आत, विशेषतः एकाच कानाचं गेलं तर मशीनच्या चौकशीत वेळ घालवू नका. त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठा. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो पहिल्या काही दिवसांत होतो.

साचेबंद (साच्यांची लॅब)

शिट्टी वाजते म्हणून मशीन बदलणारे पुष्कळ. त्यात बरेचदा दोष साच्याचा असतो, आणि साच्याचा दोष म्हणजे माप घेतानाचा दोष.

माप असं घेतात. दोरा बांधलेला स्पंजचा बोळा टोकाला दिवा असलेल्या काडीने कानात सरकवतात. कानाच्या नळीला दोन वळणं असतात, बोळा दुसऱ्या वळणापलीकडे जायला हवा. तिथे जरा टोचतं, खोकलाही येतो, ते चालायचंच. मग दोन रंगांचं सिलिकॉन समसमान मिसळून पिचकारीने भरतात. पिचकारीचं तोंड भरताना सिलिकॉनमध्येच बुडलेलं राहिलं पाहिजे. ते वर काढून परत घातलं की मध्ये हवेचा बुडबुडा अडकतो, आणि साच्यात नेमकी तिथे खाच पडते. आधी नळी, मग कानाची वाटी, मग वरची घडी. पाचेक मिनिटं थांबायचं. तेवढ्या वेळात सुपारी चघळल्यासारखा जबडा हलवत राहा. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. तोंड मिटून घेतलेल्या मापाचा साचा जेवताना सैल होतो आणि पहिल्या घासाला शिट्टी. नख दाबल्यावर खूण राहत नाही, म्हणजे सिलिकॉन पिकलं. काढताना आधी वरची घडी सोडवायची, मग फिरवत बाहेर. बाहेर आलेल्या मापावर दोन्ही वळणं दिसत नसतील तर तिथल्या तिथे पुन्हा घ्यायला सांगा, संकोच करू नका.

कडक साचा अॅक्रिलिकचा. टिकतो, घासून कमी-जास्त करता येतो, थरथरत्या हाताच्या माणसाला घालायला सोपा. मऊ सिलिकॉनचा जास्त घट्ट बसतो, म्हणून जास्त शक्तीच्या मशीनला आणि मुलांना तोच. मात्र त्याची ट्यूब, म्हणजे साचा आणि मशीन जोडणारी नळी, बदलणं कटकटीचं.

ट्यूब पिवळी पडली, वाकवल्यावर कडक लागली की बदला. साधारण तीन ते सहा महिने जाते. नवी ट्यूब साच्यातून ओवून मशीन कानावर ठेवायचं, हुक (मशीनचा कानावर अडकणारा वाकडा भाग) जिथे येतो तिथे पेनाने खूण करून कापायची. दोन-तीन मिलिमीटर आखूड झाली तर साचा सतत वर खेचला जातो, लांब झाली तर मशीन कानामागून लोंबतं.

उजवालाल

बसवणीबद्दल. मशीन कॉम्प्युटरला जोडून ऑडिओग्राम भरला की कंपनीचं सॉफ्टवेअर एका बटणात आवाज ठरवून देतं. पुष्कळ ठिकाणी काम तिथेच संपतं. पण सॉफ्टवेअरला तुमचा कान ठाऊक नसतो, सरासरी कान ठाऊक असतो. त्यामुळे वरचे सूर हवेत त्यापेक्षा कमी मिळणं हे नेहमीचंच.

यावर उपाय म्हणजे कानातली मोजणी, म्हणजे रिअल इअर मेजरमेंट. केसासारखी बारीक मऊ नळी मशीनच्या बाजूने कानात सरकवतात, तिचं टोक पडद्यापासून पाचेक मिलिमीटरवर. समोरच्या स्पीकरवर बोलण्याचा आवाज हळू, मध्यम, मोठा असा वाजवतात (५५, ६५, ८० डेसिबल किंवा जवळपास) आणि पडद्याशी खरोखर काय पोचतं ते पडद्यावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या, दिसतं. एनएएल-एनएल२ किंवा डीएसएल या सूत्रांनी काढलेली लक्ष्यरेषा (कोणत्या सुराला किती आवाज हवा ती) आणि तुमची रेषा यांत पाच डेसिबलच्या आसपास फरक राहीपर्यंत जुळवायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. फोनवर वेळ घेतानाच विचारा, "कानात नळी घालून मोजता का?"

मोठ्या आवाजाची वरची मर्यादाही तपासून घ्या. स्टीलचं ताट फरशीवर पडलं की दचकायला हरकत नाही, पण दुखता कामा नये. दुखलं तर माणूस ते मशीन परत घालत नाही.

पहिले दोन आठवडे पंखा, फ्रिज, पिशवीची कुरकुर सगळं अंगावर येतं. लक्ष्यापेक्षा थोडं कमी ठेवून टप्प्याटप्प्याने वाढवतात ते याचसाठी. पुढच्या भेटीला मशीनमधली नोंद उघडली की रोज किती तास वापरलं ते कळतं. "हो, दिवसभर घालतात" म्हणणाऱ्या चिरंजीवांची पंचाईत होते.

किनाऱ्यावरची (रत्नागिरी)

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत इथे मशीनचा खरा शत्रू दमटपणा. रात्री सेल काढून ठेवायचा, सेलचं दार उघडं, आणि मशीन सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत. सेल त्या डबीत ठेवू नका, तो सुकून जातो. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी ओढलंय. मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवा, पण त्यासाठी वेगळी जुनी कढई, परत स्वयंपाकात न येणारी. चार्जिंगचं मशीन असेल तर विजेवरची सुकवायची पेटी घ्यावी.

ट्यूबमध्ये पाण्याचे थेंब दिसले की आवाज तुटक येतो. साचा हुकपासून सोडवायचा, रबरी फुग्याने फुंकर मारायची. साचा धुवायचा तो कोमट पाण्यात, अंगाच्या साबणाने, आणि मशीनपासून सुटा करूनच. रात्री धुतला की सकाळपर्यंत वाळतो. तेल, पावडर, परफ्यूम आधी, मशीन शेवटी.

साचेबंद

वरच्यात भर : स्पिरिटने पुसू नका. मऊ साचा आणि ट्यूब दोन्ही कडक होतात.

सेलकर

वेष्टनाचा रंग हाच नंबर. १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. हे झिंक-एअर सेल हवेवर चालतात. स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं तसाच ठेवा, मग घाला. लगेच घातला तर पुरती शक्ती येत नाही. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. फ्रिजमध्येही ठेवू नका. जुना सेल खिशात, टेबलावर टाकू नका. नातवंडाने गिळला तर वाट न पाहता दवाखाना.

विशेषशिक्षिका

लहान मुलांचा कान वाढतो, साचा वाढत नाही. तान्ह्या मुलांना दर दोन-तीन महिन्यांनी नवा लागू शकतो.

रोज सकाळी दोन तपासण्या. आधी आईने किंवा बाबांनी स्टेथोस्कोपसारखी नळी मशीनला लावून स्वतः ऐकायचं; खरखर, तुटक आवाज मूल सांगू शकत नाही. मग मुलाला मशीन घालून, तोंड कागदाने झाकून सहा आवाज काढायचे : म, ऊ, आ, ई, श, स. क्रम रोज बदला, मधलं अंतरही. प्रत्येक आवाजाला मूल मणी टाकेल किंवा हात वर करेल. काल 'स' ला मणी पडत होता आणि आज नाही, तर फिल्टर, ट्यूब, सेल याच क्रमाने बघा. कागद ओठांना टेकवू नका, 'स' तिथेच अडतो.

कागदघोडे

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची घट ६० ते ७० डेसिबल म्हणजे ऐकू कमी येणारी व्यक्ती, ७० आणि वर म्हणजे कर्णबधिर. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) ऑनलाइन अर्जाने निघतं, तपासणी सरकारी रुग्णालयात. केंद्राच्या एडिप (दिव्यांगांना साधनं देणाऱ्या) योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर मशीन मिळतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे मोजणीपासून साच्यापर्यंत सगळं एका छताखाली होतं.

खाजगीत घेताना मशीनवरचा क्रमांक बिलावर आणि वॉरंटी कार्डावर आहे ना ते पाहा. मशीनवर जीएसटी नाही, सेलवर आहे. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारायला लाजू नका.

नवखा

आजींना मशीन लावल्यापासून स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो म्हणतात. आवाज कमी करून घ्यावा का?

उजवालाल

आधी एक करा. मशीन बंद करून कानातच राहू द्या आणि आजींना "ई" म्हणायला सांगा. तरी घुमलं तर प्रोग्रॅमिंगचा संबंध नाही, नळी बुजल्यामुळे त्यांचाच आवाज आत कोंडतोय. साच्याचं हवेचं भोक मोठं करून घ्या, किंवा खालचे सूर चांगले असतील तर साच्याऐवजी उघडी टोपी (भोकं असलेली मऊ रबरी टोपी) लावून बघा. भोक मोठं झालं की शिट्टीची शक्यता वाढते, म्हणून अर्धा-अर्धा मिलिमीटर करत जायचं. मशीन बंद केल्यावर घुमणं थांबलं, तर मात्र खालच्या सुरांचा आवाज दोन-तीन डेसिबल उतरवायला सांगा, सगळा नव्हे.