नऊ वर्षांचा लॅपटॉप, बरण्यांची मराठी लेबलं आणि लिनक्स: हात घालू का?

आगळवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

चिपळूणला माझा घरगुती उद्योग आहे. कोकम आगळ, मेतकूट, भाजणी, फणसपोळी, लोणची. बरण्यांची लेबलं मी घरीच छापते, ए-फोरच्या एका कागदावर चोवीस, आणि मराठीतच. लॅपटॉप २०१६ चा. आय-थ्री, पाचवी पिढी, चार जीबी रॅम, साधी फिरती हार्ड डिस्क. जुलै २०२१ च्या पुरात आमचा मोठा कॉम्प्युटर, फ्रिज आणि भाजणीसाठी आणलेली पन्नास किलो डाळ गेली. हा तेवढा भाचीनं माळ्यावर भिरकावला म्हणून वाचला. त्यामुळे टाकवत नाही.

पण आता सुरू व्हायला इतका वेळ लावतो की बटण दाबून मी कुकर चढवते, दुसऱ्या शिट्टीला पासवर्डची चौकट येते. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि ११ या मशिनवर चढत नाही. दुकानदार म्हणाला, "काकू, हा भंगारात घाला, चाळीस हजारांत नवा देतो." चाळीस हजारांसाठी किती आगळ गाळावं लागतं ते त्याला कोण सांगणार!

पुण्याचा भाचा दिवाळीला आला होता. "आत्या, लिनक्स टाकून देतो" म्हणाला, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी, फुकट प्रणाली. मग मित्र आणि चकल्या यांत चार दिवस गेले आणि स्वारी परत गेली. पेन ड्राइव्ह तेवढा ठेवून गेलाय, त्यावर चिकटपट्टी लावून "मिंट" लिहिलंय. मला आधी वाटलं चटणीचं काहीतरी, पण तो लिनक्सचाच एक प्रकार निघाला.

तर लेबलांचं काय होईल? माझ्या सगळ्या फाइल्स २००९ पासूनच्या, तेव्हाच्या डीटीपीवाल्यानं दिलेल्या फॉन्टमधल्या आहेत. मराठी टाइप करता येईल का? इथे लिहिताना मी रोमनातून लिहिते, आपोआप मराठी होतं, तसं. आणि शाईच्या टाक्या असलेला माझा रंगीत प्रिंटर ओळखेल का? बाकी माझं काम म्हणजे व्हॉट्सॲप, बँक आणि नातीशी व्हिडिओवर बोलणं. यजमान एसटीतून निवृत्त, ते फक्त भजनं ऐकतात.

---

मिरजेचा मामा

ताई, हात घाला. पण आज काही टाकू नका, आज फक्त बघा.

तो पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा आणि लगेच बूट मेनूचं बटण दाबत राहा. कंपनीप्रमाणे एफ १२, एफ ९ किंवा एस्केप असतं. मेनूत पेन ड्राइव्ह निवडला की मिंट त्याच्यावरूनच चालू होतं, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. हळू चालेल, वेगावरून मत बनवू नका. तिथे चार गोष्टी तपासा: वायफाय पकडतो का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, आणि प्रिंटर जोडून एक पान निघतं का. या चारांत पास झालात तर पुढे अडणार नाही. वायफाय नाहीच पकडला तर मोबाइल केबलनं जोडून त्याचं नेट लॅपटॉपला द्या आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा, म्हणजे वायफायसारखे भाग चालवणारी सॉफ्टवेअर शोधणारी खिडकी. बहुतेक वेळा तो हवं ते आणून बसवतो.

आता खरी गोष्ट. तुमचं मशिन रेंगाळतंय त्याचं मोठं कारण ती फिरती डिस्क आहे, विंडोज नंतर. मी आमच्या शाळेच्या लॅबमधली चौदा मशिन्स अशीच फिरवली. नवी एसएसडी घ्या, म्हणजे आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क. दुकानात अडीच इंची साटा म्हणून मागा, २४० जीबी भरपूर झाली. जुनी डिस्क बाहेर काढा आणि तिला यूएसबीचं कव्हर घ्या. नव्या डिस्कवर मिंट टाका. याचा फायदा असा की बिनसलं तर जुनी डिस्क परत बसवायची, तुमचं विंडोज आणि लेबलं होती तिथेच. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो सध्या ऐकू नका. दोन्ही असली की निदान घड्याळ तरी बिघडतं. लिनक्स मशिनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतो, विंडोज तीच भारताची समजतो, आणि दुपारी चार वाजता स्क्रीनवर साडेदहा दिसतात. उपाय आहे, पण तुम्हाला कशाला ती कटकट.

जुनी डिस्क काढण्यापूर्वी विंडोज एकदा रीस्टार्ट करा, मग शिफ्ट दाबून शट डाउन करा. एरवी बंद केल्यावरही ते एक डोळा उघडा ठेवून झोपतं आणि मग लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नकार देतो.

रॅम आणखी चार जीबी घालता आली तर घाला. मात्र डीडीआरथ्री-एल सांगून मागा, शेवटचं एल महत्त्वाचं. ती कमी व्होल्टेजची असते. मिंटचे प्रकार असतात. आठ जीबी झाली तर सिनॅमनवालं, चारच राहिली तर त्याहून हलकं एक्सएफसीईवालं. भाच्यानं कुठलं दिलंय विचारा. आवृत्ती २२ च्या घरातली असेल तर २०२९ पर्यंत अपडेट मिळतील.

---

टर्मिनलग्रस्त

मिंट ठीक आहे, पण शिकायचंच असेल तर डेबियन, लिनक्सचाच दुसरा प्रकार. पुढच्या वेळी भाचा लागणार नाही.

प्रिंटरचं मात्र मामांनी घाईत उरकलं. शाईच्या टाकीवाले नवे प्रिंटर बहुतेक सरळ ओळखले जातात. आपल्याकडे दुकानांत सर्रास दिसणारे काही जुने छोटे लेझर मात्र रडवतात, कारण पान रचायचं सगळं काम ते कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरवर ढकलतात. ओपनप्रिंटिंगच्या साइटवर लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरांची यादी असते, तिथे मॉडेल टाकून आधी बघा.

---

जमाखर्च

दुसरी बाजूही ऐका. घरात हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर असेल तर ते लिनक्सवर सरळ चालत नाही. डिजिटल सहीचं टोकन लावून तुम्ही स्वतः काही भरत असाल तर तेही आधी तपासा. आणि विंडोज १० लगेच मेलेलं नाही. घरच्या वापरासाठी नाव नोंदवून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेता येतात. वर्षभर विचार करा. नवीन खूळ घेऊन ऐन हंगामात अडकलात तर इथले कोणी लेबलं छापायला येणार नाहीत.

---

आगळवाली

जमाखर्च दादा, टॅली नाही. हिशेब वहीत, पुढचं सीए बघतात. अन्न परवान्याचं नूतनीकरण ब्राउझरमधूनच करते. पण हंगामाचं बोललात ते पटलं. आगळाचा हंगाम एप्रिल-मेमध्ये, म्हणजे जे करायचं ते आत्ताच करायला हवं.

पेन ड्राइव्हवरून चालवून बघितलं. वायफाय, आवाज, कॅमेरा तिन्ही पास. प्रिंटर जोडल्यावर मी काही करायच्या आतच "तयार आहे" अशी पाटी आली. मग लोणच्याची फाइल उघडली आणि पोटात गोळा आला. सगळीकडे इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. सतरा वर्षांचं काम गेलं का हो?

---

खिळेजुळारी

ताई, काही गेलेलं नाही. पण हे लिनक्सच्या माथी मारू नका, हे दुखणं २००९ चंच आहे.

माझे वडील आप्पा बळवंत चौकाजवळच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे, मी त्याच गल्लीत डीटीपी करते. तेव्हाच्या फॉन्टांत मराठी अक्षर नसायचंच. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. मुखवटा काढला की तुम्हाला दिसलं ते उरतं. तो फॉन्ट लिनक्सवर टाकलात तर लेबल पुन्हा मराठी दिसेलही. विंडोजमधून फॉन्टची फाइल घ्या, डबलक्लिक करा, इन्स्टॉल म्हणा. पण आज ना उद्या हे युनिकोडमध्ये न्यावंच लागणार, म्हणजे जिथे मराठी अक्षर खरोखर मराठी म्हणूनच साठवतात त्या पद्धतीत. त्या फाइलमध्ये तुम्ही "लोणचं" शोधलंत तर सापडणार नाही, व्हॉट्सॲपवर चिकटवलंत तर गिऱ्हाइकाला डॉलर दिसतील.

फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, म्हणजे डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं साठवतात. कच्चा कन्व्हर्टर इथेच आपटतो. जुन्या बातम्यांत "विद्याथीर्" आणि "पाटीर्" वाचलं असेल, ते याचंच. तुमच्या लेबलावर "निर्मिती दिनांक" असणारच. तो शब्द आधी घालून बघा. "निमिर्ती" आलं तर कन्व्हर्टर बंद करा.

टायपिंगचं म्हणाल तर रोमनातून लिहायची सोय आहे. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याची एम-१७-एन ही जोडणी घ्या, त्यात रोमनातून लिहायची गमभन पद्धतही आहे. पण माझं ऐकाल तर इनस्क्रिप्ट शिका, म्हणजे थेट मराठी कळांची मांडणी. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी निवडलं की झालं, वेगळं काही बसवायला नको. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. "कैऱ्या"मधला ऱ्या लिहायला लोक तासन्‌तास झगडतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून जे, म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग डी दाबून त्याचा पाय मोडायचा, मग स्लॅशवरचा य, ईवरचा काना. आणि ळ? शिफ्ट दाबून एन.

आणखी एक. वर्डमधली युनिकोड मराठी बहुधा मंगल फॉन्टात असते. तो मायक्रोसॉफ्टचा, लिनक्सवर येत नाही. त्याच्या जागी दुसरा येतो, ओळी लांब-आखूड होतात आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर सांडतो. नवी लेबलं "मुक्त" नावाच्या फॉन्टमध्ये करा. मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या मंडळींचा आहे, फुकट, दोन्हीकडे चालतो. आणि लिबरऑफिसमध्ये, म्हणजे मिंटमधल्या वर्डच्या जोडीदारात, देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा धरतात. अक्षर मोठं केलं तरी होत नाही असं वाटलं तर कॅरेक्टरच्या खिडकीत कॉम्प्लेक्स टेक्स्टचा रकाना बघा, तिथला आकडा बदला.

---

आगळवाली

तीन आठवड्यांनी येतेय, रागावू नका.

एसएसडी आणि रॅम शेजारच्या मुलानं बसवून दिली, तो मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. खालचे स्क्रू काढल्यावर आतून चिमूटभर गाळ निघाला! माळ्यावर असूनही पुराची ओल कुठून कुठून शिरली असेल. मिंट मी स्वतः टाकलं, भाच्याला फोन न करता. पाऊण तास लागला, त्यातली दहा मिनिटं पासवर्ड काय ठेवू यात. आता सुरू व्हायला इतका थोडा वेळ लागतो की यजमान म्हणाले, "बंद केलाच नव्हतास वाटतं."

फॉन्टचं मात्र खिळेजुळारी ताई, तुमचा शब्द न् शब्द खरा निघाला. पहिल्या कन्व्हर्टरनं "निमिर्ती" दिलं. दुसऱ्यानं "निर्मिती" बरोबर दिलं पण "कैऱ्या"चं "कैर्या" केलं. मग डोकं लावलं. एकतीस लेबलं, एकेकावर पंधरा-वीस शब्द. ती दुरुस्त करत बसण्यापेक्षा नव्यानं लिहिलेली काय वाईट? इनस्क्रिप्टची तक्त्याची प्रिंट काढून मिसळणाच्या डब्यामागे भिंतीला लावली. पहिल्या दिवशी "मेतकूट" लिहायला पाच मिनिटं लागली, एमच्या जागी म शोधत होते, तो सीवर निघाला. चार दुपारी गेल्या, पण सगळी लेबलं झाली. लिहिता लिहिता कळलं की "आमसूल"चं "अमसूल" मी बारा वर्षं छापत होते आणि एकाही गिऱ्हाइकानं सांगितलं नाही.

फजिती झाली ती छपाईला. कागदावर आठ ओळी, तीन रांगा, एक लेबल सत्तर बाय सदतीस मिलिमीटर. पहिलं पान काढलं तर मधल्या ओळी चपखल, वरची आणि खालची ओळ आत ओढलेली, कापायला गेलं तर वरच्या ओळीतली तळाची तारीख खालच्या लेबलात. दोन पानं चिकट कागदाची वाया गेली, तो काही स्वस्त नाही. मला वाटलं प्रिंटर गेला. तासाभरानं पट्टी घेऊन बसले, छापलेला भाग मोजला, तर २९६ च्या जागी २७८ भरला. फाइल ए-फोरची, पण प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागद "लेटर" निवडलेला. लेटरची उंची २७९, ए-फोरची २९७. बिचारा सगळं दाबून त्यात बसवत होता. ए-फोर केलं, मापापुढे शंभर टक्के केलं, साध्या कागदावर काढून उजेडाला धरलं. बसलं.

आता एकच शंका. टाइमशिफ्ट नावाचं काहीतरी आहे, भाच्यानं फोनवर चालू करायला लावलं. ते सांगतंय की डिस्क भरत आली. माझी लेबलं तर सगळी मिळून एका सीडीत मावतील.

---

मिरजेचा मामा

ते सिस्टिमचे फोटो काढून ठेवतं, अपडेट फसला तर मागे जाता यावं म्हणून. रोजचे बंद करा, आठवड्याचे तीन ठेवा, जुने तिथूनच पुसा. पण त्यात तुमची लेबलं नसतात हं, ती वेगळी पेन ड्राइव्हवर घ्या, दर महिन्याला. भाच्यानं ठेवलेलाच पुसून घ्या, आता त्याचं काम संपलंय.

आणि मिरजेला आगळ पाठवता का?

---

आगळवाली

तो पेन ड्राइव्ह रिकामा करणार नाही. शेजारची म्हणतेय तिच्या लॅपटॉपवरही टाकून दे.

आगळ पाठवते. काचेची बाटली कुरिअरवाला घेत नाही, कॅन चालेल ना?