मदत हवी आहे: अँटीव्हायरस बोइंकची फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतोय

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं घरच्या डेस्कटॉपवर बोइंक चालवतोय, त्यावरचा प्रोजेक्ट आइनस्टाइन अ‍ॅट होम. आपला रिकामा बसलेला प्रोसेसर शास्त्रज्ञांना वापरायला द्यायचा, असा हा प्रकार. लायगो या वेधशाळेच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी (अवकाशातले सूक्ष्म तरंग) आणि रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींत पल्सार (गरगर फिरणारे मृत तारे) शोधले जातात. २०१० साली एक नवा पल्सार असाच लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरांवर सापडला होता. मी मूळचा हिंगोलीचा. औंढा नागनाथला लायगो होणार हे कळलं तेव्हापासून हे वेड लागलं.

आता दुखणं. रविवारी अँटीव्हायरस (पैसे भरून घेतलेला, नाव मुद्दाम लिहीत नाही) अपडेट झाला आणि त्याच संध्याकाळी लाल चौकट आली: ट्रोजन (साळसूद प्रोग्रामच्या वेषातला व्हायरस) सापडला. बोइंकची फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटीव्हायरसच्या कोठडीत, गेली. नेमके बाबा वीजबिल भरत बसले होते. त्यांनी मला हाकही न मारता भिंतीवरचं बटणच बंद केलं.

तेव्हापासून बोइंकमध्ये प्रत्येक टास्क सुरू झालं की लगेच 'कम्प्युटेशन एरर'. क्वारंटाइनमधून फाइल परत आणली, अर्ध्या तासात पुन्हा गायब. बोइंकमध्ये प्रोजेक्ट रीसेट करून फाइल नव्याने उतरवली, तेच.

बोइंकचं फोल्डर अँटीव्हायरसच्या अपवादात टाका (म्हणजे तो ते तपासणार नाही), हे सगळीकडे वाचलं. पण २०२४ मध्ये ब्राउझरच्या खोट्या अपडेटमधून लोकांच्या मशीनवर बोइंकच गुपचूप बसवल्याचे प्रकार झाले होते. म्हणजे नाव बोइंक आहे म्हणून डोळे मिटून सोडावं, असंही नाही. माझ्याकडचा इशारा खोटा आहे याची खात्री कशी करू? आणि अपवाद नेमका कशाला देऊ?

प्रतिसाद १
अँटीव्हायरस काढून टाका. विंडोजचा आहे तो पुरे.

प्रतिसाद २
वरच्यांचं ऐकू नका, निदान आधी तपासा तरी.

व्हायरसच्या नावात 'जेन' किंवा 'ह्युर' आहे का बघा. असेल तर बहुधा नेमका ओळखीचा व्हायरस सापडलेला नाही, फाइलची ठेवण किंवा चालचलणूक फक्त संशयास्पद वाटली आहे. बिचाऱ्या अँटीव्हायरसच्या जागी बसून बघा: एक प्रोग्राम स्वतःच नेटवरून अनोळखी .ईएक्सई आणतो, लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि तासन्‌तास प्रोसेसर पिळतो. दुसऱ्याच्या मशीनवर चोरून बिटकॉइनसारखी कॉइन काढणारे प्रोग्रामही हेच करतात. शिवाय या फाइलींवर बोइंकपुरती प्रोजेक्टची सही असते आणि ती जुळली तरच बोइंक फाइल चालवतो. पण विंडोजला कळणारी प्रकाशकाची सही बहुतेकदा नसते.

खात्रीसाठी ती फाइल व्हायरसटोटलवर टाका. ही साइट एकच फाइल अनेक कंपन्यांच्या अँटीव्हायरस इंजिनांकडून तपासून देते. एकदोन इंजिनं ओरडली आणि बाकी गप्प राहिली, तर बहुधा खोटा इशारा. वीसपंचवीस ओरडली तर थांबा. आणि बोइंक मॅनेजरच्या प्रोजेक्ट्स टॅबमध्ये तुम्ही स्वतः जोडलेला नाही असा प्रोजेक्ट दिसतोय का, तेही बघा. तुम्ही म्हणताय त्या २०२४ च्या भानगडीत बोइंक भलत्याच सर्व्हरला जोडलेला होता.

अपवाद पूर्ण सी ड्राइव्हला देऊ नका. सी → प्रोग्रामडेटा → बोइंक यातले 'प्रोजेक्ट्स' आणि 'स्लॉट्स' एवढेच. प्रोग्रामडेटा लपलेला असतो, आधी 'हिडन आयटम्स' चालू करा. क्रमही महत्त्वाचा: आधी बोइंकमध्ये 'नो न्यू टास्क्स' (नवी कामं घेऊ नको), मग अपवाद, मग रीसेट. तुम्ही अपवादाआधीच रीसेट केलंत, म्हणून फाइल पुन्हा उचलली गेली. रीसेटने हातातली कामं जातील, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर जातात, विज्ञान काही अडत नाही.

आणि हो, अँटीव्हायरसच्या कंपनीला 'फॉल्स पॉझिटिव्ह' (खोटा इशारा) म्हणून फाइल पाठवा. सगळे नुसते अपवाद देऊन मोकळे होतात, मग पुढच्या अपडेटला हेच रडगाणं.

धागाकर्ता
खूप धन्यवाद! नावाच्या शेवटी 'जेन' होतंच. व्हायरसटोटलवर दोनच ओरडले, त्यातला एक आमचाच. प्रोजेक्ट्समध्ये आइनस्टाइनशिवाय काही नाही. तुमच्या क्रमाने केलं, कालपासून सुरळीत चालू आहे. कंपनीला फाइल पाठवली, उत्तर यायचंय.

कॉम्प्युटर वापरात असताना काम थांबवायचं, ही सेटिंगही लावली. आता बाबा बसले की पंखा गप्प. त्यांना दाखवलं, सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाण्याचं बिल मोबाइलवरून भरलं.