सामुदायिक रेडिओ: गाण्यांची रॉयल्टी कोणाला आणि कशावर?

ओवीकर: तालुक्याच्या गावी सामुदायिक रेडिओ सुरू होतोय. रोज आठ तास प्रसारण, त्यात तीसेक मराठी-हिंदी गाणी. जाहिराती जेमतेम. रॉयल्टी कोणाला द्यायची? जुनी गाणी फुकट वाजवता येतात का? हेच प्रसारण ॲपवर दिलं तर?

फेडर९०: जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नातले २ टक्के बाजूला काढा, झालं.

निडलअवर: झालं नाही. ते २ टक्के कॉपीराइट बोर्डाच्या ऑगस्ट २०१० च्या आदेशातले, तेही खासगी एफएमसाठी; मुदत ३० सप्टेंबर २०२० ला संपली. पुढे बौद्धिक संपदा अपील मंडळाने ३१ डिसेंबर २०२० ला निडल अवरवर, म्हणजे गाणं प्रत्यक्ष वाजलेल्या वेळेवर, दर ठरवले, तेही वर्षभराच्या आतच संपले आणि २०२१ मध्ये मंडळच बरखास्त झालं. तेव्हा ऐकीव दरावर बजेट मांडू नका, लेखी दर मागवा.

पैसे दोन ठिकाणी जातात. ध्वनिमुद्रणाचे लेबलला (गाण्याच्या कंपनीला) किंवा लेबलांच्या वतीने परवाने देणाऱ्या पीपीएल संस्थेला, शब्द आणि चालीचे आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेला. लेबलला दिले म्हणजे गीतकार-संगीतकारांचा हिशेब मिटला, हा खासगी एफएमवाल्यांचा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये मान्य केला नाही.

निडल अवर असा मोजायचा: तीस गाणी गुणिले चार मिनिटं, म्हणजे दिवसाला २ तास, आठ नव्हेत. हे सिद्ध करायला लॉग, म्हणजे वाजलेल्या गाण्यांची नोंद, लागतो: गाणं, लेबल, गीतकार, संगीतकार, गायक, सुरुवात, शेवट. अर्धवट तोडलेल्या गाण्याची नोंद पूर्ण लांबीची होते, ही नेहमीची चूक. गाणी आपोआप वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचा लॉग रोज उतरवून ठेवा.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ड खाली, म्हणजे मालकाशी वेगळा करार न करता ठरवून दिलेल्या दराने, वाजवणार असाल तर आगाऊ नोटीस द्यावी लागते, आणि गाण्यासोबत कवी, संगीतकार, मुख्य गायक यांची नावं सांगणं बंधनकारक आहे. गाणं छोटं करता येतं, त्याचं रीमिक्स नाही. जाहिरातीखाली गाण्याचा तुकडा लावायचा तर परवानगी वेगळी.

टाळमृदंग: जुन्या गाण्यांबद्दल: ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, म्हणजे १९६४ पर्यंतची मुद्रणं २०२४ अखेर मोकळी झाली. पण शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत मोकळे नाहीत.

खर्च खरा वाचतो तो भारूड, ओव्या, भजनी मंडळं स्वतः रेकॉर्ड करून. लेखी संमती घ्या, त्यात पुनःप्रसारण आणि इंटरनेट हे शब्द हवेतच. आणि चाल आधी ऐका! अभंग तुकोबांचा असला तरी निम्मी मंडळं तो सिनेमाच्या चालीवर म्हणतात.

निडलअवर: ॲपचं राहिलं. इंटरनेट स्ट्रीमिंगला ३१ड लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम ठेवलं. स्वतंत्र परवाना नसेल तर ॲपचं आउटपुट वेगळं काढा आणि गाण्यांच्या जागी आपलीच रेकॉर्डिंग टाका.