कॅबिनेटमध्ये आवाजावर नाचणारे दिवे: हौस की डोकेदुखी?

खटपट्या
संगणकाच्या कॅबिनेटला काचेची बाजू आहे, पण आत मिट्ट काळोख. आवाजावर लुकलुकणारी एलईडी पट्टी बसवावी म्हणतो. छोट्या माईकचा कंट्रोलर, वीज मोलेक्सवरून (पॉवर सप्लायचा चार पिनांचा जोड), संवेदनशीलता कमीजास्त करायला एक नॉब. संगणक काचेतून दिसतोच आहे, तर थोडा नखरा करू दे की! विरोधी मतं येऊ द्यात.

निशाचर
मागितलीत म्हणून देतो. माईक आत म्हणजे पंख्यांच्या तोंडाशी. गेम सुरू झाला, ग्राफिक्स कार्डाचे पंखे चढले, की पट्टी पेटली ती पेटलीच. नॉब उतरवलात तर गाणंही ऐकू येत नाही तिला. हेडफोन घातलेत तर मग विचारूच नका. गाणं तुमच्या कानात आणि दिवे कीबोर्डच्या खटखटीवर.

कवडसा
माझा विरोध दिव्यांना नाही, माईकला आहे. आवाज संगणकातच तयार होतो. तो स्पीकरमधून हवेत सोडायचा आणि माईकने परत पकडायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? ओपनआरजीबी या दिवे चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या इफेक्ट्स प्लगइनमध्ये ऑडिओ व्हिज्युअलायझर आहे, तो थेट सिग्नलच घेतो. खर्जाला एक रंग, तार स्वरांना दुसरा. पंखे कितीही घोंघावोत.
फक्त पट्टी बघून घ्या. एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येतो ती) म्हणजे ५ व्होल्ट, तीन पिना. साधी आरजीबी (सगळी पट्टी एका वेळी एकाच रंगाची) १२ व्होल्ट, चार पिना. ५ची पट्टी अडॅप्टर वगैरे लावून मदरबोर्डवरच्या १२च्या हेडरला (पिनांच्या जोडाला) जोडलीत की तिचा निकालच.

खटपट्या
म्हणजे दिव्यांसाठी अजून एक प्रोग्रॅम कायम मागे चालू ठेवायचा! माईकवाल्याला ऑपरेटिंग सिस्टिम कुठली याच्याशी देणंघेणं नाही. माईकची वायर मागच्या स्लॉटमधून बाहेर काढली तर?

निशाचर
मागे पॉवर सप्लायचा पंखा स्वागताला आहेच.

जुनाजाणता
एलईडीच्या आधी कोल्ड कॅथोड नळ्यांवर हाच खेळ चालायचा. इन्व्हर्टर शेकडो व्होल्ट काढायचा, वर त्याची बारीक शिट्टी. वापरता वापरता नळ्यांची टोकं काळी पडायची. एलईडीला सततच्या चालू-बंदचं काही नाही आणि पट्टीने आत उष्णताही फारशी वाढत नाही. तेव्हा निदान ‘हार्डवेअर खराब होईल’ हे कारण आता कुणी देऊ नये.

सावली
हार्डवेअरचं जाऊ द्या, डोळ्यांचं काय? अंधाऱ्या खोलीत नजरेच्या कडेला भपकन पेटणं-विझणं वैतागवाणं असतं. प्रकाशाने फिट येणाऱ्यांना ते धोक्याचंही आहे. म्हणून तर वेबपानांच्या सुलभता निकषांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमग नको असं आहे. जलद ठेक्याचं गाणं ही मर्यादा सहज ओलांडतं. हळूहळू मंदावणारा मोड असेल तरच घ्या.

खटपट्या
मंदावणारा मोड मान्य. सॉफ्टवेअर नाहीच. माईक पुढच्या जाळीमागे लावतो.

निशाचर
पुढच्या जाळीमागे हवा आत ओढणारे पंखे असतात, महाराज.