हळदीच्या पाण्याने म्युटेशन्स धुऊन निघतात का?

सातारकर_७७: आमचे बाबा बिडी ओढतात, वय ६४. कुणीतरी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलंय की रोज हळदीचं पाणी घेतलं की जीन्समधली म्युटेशन्स (डीएनएत झालेले बदल) धुऊन निघतात, आणि आता ते म्हणतात मग बिडी सोडायची गरजच काय. यात काही तथ्य आहे का?

लॅबवाली: फॉरवर्ड अगदीच हवेतला नाहीये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९२ मध्ये छापलं होतं, १६ स्मोकर्सना रोज दीड ग्रॅम हळद (साधारण अर्धा छोटा चमचा) ३० दिवस दिली आणि त्यांच्या लघवीतली म्युटाजेन्स, म्हणजे म्युटेशन घडवणारी द्रव्यं, कमी झाली. ते मोजलं एम्स टेस्टने, दिल्लीचं एम्स नव्हे, ब्रूस एम्स हा शास्त्रज्ञ. साल्मोनेला या बॅक्टेरियाचा असा वाण घेतात ज्याला हिस्टिडीन (वाढायला लागणारं अमिनो आम्ल) स्वतः बनवता येत नाही, त्याच्यावर लघवीचा अर्क टाकतात, आणि म्युटेशन होऊन ज्यांना ते पुन्हा जमायला लागतं तेवढ्यांच्याच कॉलनीज प्लेटवर उगवतात, त्या मोजायच्या. पण माणसं १६च, आणि कॅन्सर टळला असं त्यात कुठेही नाही. एकदा झालेलं म्युटेशन हळद पुसत नाही, तिचं काय काम असेल ते डीएनएला धक्का बसायच्या आधीचं.

मिरजकर: कर्क्युमिनच्या (हळदीतल्या मुख्य द्रव्याच्या) कॅप्सूल मात्र आणू नका राव. फिनलंडमध्ये २९ हजारांवर स्मोकर पुरुषांच्या ट्रायलमध्ये बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, गाजरातलंच द्रव्य, सगळ्यांना वाटलं फायदाच होणार, आणि १९९४ ला निकाल आला तर गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! गाजर खा की हवं तेवढं.

कोशिंबीर: थोडं अवांतर, पण बुरशी आलेले शेंगदाणे आधी फेका, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं, ते लिव्हरमध्ये डीएनएला चिकटतं आणि भाजून पूर्ण जात नाही. चीनमधल्या चीदोंगला १८० जणांची ट्रायल झाली होती, हरितद्रव्यापासून बनवलेलं क्लोरोफिलिन १०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, चार महिने, आणि त्या डीएनए-नुकसानीची लघवीतली खूण ५५ टक्क्यांनी कमी. आतड्यातच ते विषाला धरून ठेवतं म्हणे.

सातारकर_७७: वाचून दाखवलं. म्हणाले मग बिड्या निम्म्या करतो, हळद दुप्पट 🤦

लॅबवाली: निम्म्या तर निम्म्या, सुरुवात झाली म्हणायची. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हळद वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि १८००-११२-३५६ ला फोन लावून द्या त्यांना, तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट.